तीन सेकंद

रॉस्कोने नवी डिस्क आणलीय. म्हणतो, आता सगळं लख्ख दिसतं,
आइस्क्रीमच्या गाडीमागे उडणारी कोंबडीची पिसंसुद्धा मोजून घे.

कॅसेट होतीच आमच्याकडे. एलीच्या पेट्रोलपंपाचा तेवढा सीन
मागे-पुढे करून करून नेमकी तिथेच झिजलेली:
शर्यतीच्या गाड्या घुसतात, शेरीफ केकवर बसतो,
आणि डावीकडे, पांढऱ्या ठिपक्यांच्या वादळात,
नऊ वर्षांचा रॉस्को.
तीन सेकंद.

हसा, असं भोंग्यावरून सांगितलं होतं.
नेवाडातलं आमचं अख्खं गाव हसलं,
माणशी पंधरा डॉलर आणि एक सँडविच.
बाबा खाणीतली पाळी बुडवून आले होते,
टाय लावून, दोनदा हात धुऊन.
सिनेमातून मात्र कापले गेले.

आज पुन्हा तेच विनोद.
विमा एजंट पुन्हा भलत्याच गाडीत झोपतो.
आधी मला हसू येत नाही,
मग इतकं येतं की पॉपकॉर्न सांडतो.

‘थांबव,’ रॉस्को म्हणतो.

त्याच्या कॉलरला धरलेला एक हात.
मनगटापर्यंतच. पुढे चौकट संपते.
नखांत तांब्याच्या खाणीची काळी रेघ,
साबणाला न जुमानलेली.

पडद्यावर धूळ तशीच लटकलेली,
शेरीफ केकपासून वीतभर वर.
सोफ्यावर बावन्न वर्षांचा रॉस्को
मान आखडून बसलाय,
कुणी मागून धरल्यासारखा.

‘चालू कर,’ तो जरा वेळाने म्हणतो,
‘ते पुलावरून पडतात ना, ते येऊ दे.’