बाहेर पडायचं टेबल

शाळेच्या जिममध्ये दोन टेबलं मांडतो आम्ही.
पहिलं दाराशी. तिथे तुम्ही पक्षात येता.
दुसरं बास्केटबॉलच्या जाळीखाली, माझं.
तिथे सही केली की तुम्ही पक्षातून सुटता.
मधल्या चार मिनिटांत मत.
न्यू हॅम्पशायरात हे रीतसर चालतं.
बाहेर उणे अकरा असलं
तरी लोक बुटांचा बर्फ झाडून सावकाश येतात.

बावीस वर्षं मी या खुर्चीत.
पेन दोरीला बांधून ठेवते,
कारण स्वतंत्र माणसंसुद्धा पेनं पळवतात.

ऑरिन लाशान्स उजाडताच हजर.
कुलपं दुरुस्त करतो. सीटबेल्ट लावत नाही.
कुत्र्याचं लायसन्स कधी काढलं नाही,
आणि कुत्रा गेला तेव्हा म्हणाला,
"चला, एक तरी जीव नोंदीशिवाय सुटला."
चार वर्षांतून एकदा तो रिपब्लिकन होतो,
उसना कोट घालून लग्नाला जावं तसा:
बाह्या आखूड, खिशात दुसऱ्याचा रुमाल.

तिसरा पक्षही काढून पाहिला होता त्याने.
"सात जण होतो, लोर्ना, आणि सातांत आठ गट.
मोठ्या घरात निदान डोकं आपटायला भिंत मिळते."

यंदाचा त्याचा माणूस दातांचा डॉक्टर.
एवेरेट स्टॉडर्ड. ग्रेंज हॉलमध्ये बोलायला आला,
एकोणीस डोकी आणि वाटाण्याचं सूप.
म्हणाला, "मी तुम्हाला काहीही देणार नाही."
टाळ्या.
"तुमचं काही घेणारही नाही."
कुणीतरी चमच्याने टेबल बडवलं.
मी मागे वाडगे विसळत होते.
पहिलं वाक्य मी संसारात एकवीस वर्षं ऐकलेलं,
टाळ्यांशिवाय.

टीव्हीवरच्या वादात डॉक्टरला कडेची जागा.
दोन तासांत साडेपाच मिनिटं.
त्यात तो युद्धांवर बोलला, नोटा छापण्यावर,
आणि वेण्या घालून देते म्हणून
जिच्याकडे परवाना मागितला अशा एका बाईवर.
बाकीचे काय बोलले ते आठवत नाही.
ती बाई आठवते.

तर सकाळी मत टाकून ऑरिन माझ्याकडे वळला,
तेवढ्यात त्याचा फोन वाजला:
म्हातारी मिसेस पेटनगिल झोपायच्या कपड्यांत
दाराबाहेर अडकलेली.
"संध्याकाळी येऊन सही करतो," म्हणत तो पळाला.
आला तो सातला पाच कमी असताना,
टोपी हातात, माझ्या टेबलापासून सहा पावलांवर.
आणि थेल्मा ओरडली, पेटीचं कुलूप फिरत नाही.

ओकची पेटी. कुलूप ऑरिननेच बसवलेलं.
कराच्या पैशाला शिवणार नाही म्हणाला होता तेव्हा;
सफरचंदांची एक गोणी घेऊन गेला होता.
आता गुडघे टेकून त्याने कुलपात फुंकर घातली,
शिशाची पूड टाकली,
आजारी पोराशी बोलावं तसं
हळू आवाजात काहीतरी पुटपुटला.
सगळं जिम गप्प.
त्या पेटीत त्याचा माणूस हरलेला आहे
हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.
खट्.
"मोजा," म्हणाला, आणि बाजूला झाला.

माझ्यासमोर आला तेव्हा सात वाजून नऊ मिनिटं.
टेबल बंद. आता टाउन ऑफिसात जाऊन
अर्ज करेपर्यंत तो आमच्या पक्षाचा.
मला नियम वाकवता आला असता.
त्याने म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही.
"माझ्याच कुलपाने मला आत कोंडलं," एवढंच,
आणि हसला तो, पण डोळ्यांनी नाही.

मोजणीला तो थांबला. सदतीस.
"गेल्या खेपेला एकोणतीस होते," म्हणाला,
कुणी न विचारता.

डॉक्टरने त्याच आठवड्यात माघार घेतली.
दवाखाना पुन्हा उघडला म्हणतात.
ऑरिन अजून टाउन ऑफिसात फिरकलेला नाही:
सरकारी कचेरीत स्वतःच्या पायांनी जायचं म्हणजे!
त्याचा कोरा फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे.
नाव मी पेन्सिलीने घातलंय.