बारा वावांपुढे

मिरकरवाड्याच्या खतिजा होडेकरच्या टाचेतून काढलेला तुकडा
माझ्याकडे आला तेव्हा मेणात बसला होता,
वाटाण्याएवढा, काळा.
फॉर्मवर लिहिलेलं: वय एकसष्ट.
धंदा: माकूळ साफ करणे.

वर्षभर तिला ती शाईच वाटली.
माकूळ फुटलं की पायावर सांडतेच,
साबणाने जाते, नाहीतर चिंचेने.
ही गेली नाही.
मग वाटलं, कालवाचं शिंपलं रुतलं असेल.
मग तिने चप्पल बदलली.

निदान केव्हाच झालं होतं. हा दुसरा काप
मुंबईच्या एका बाईंच्या अभ्यासासाठी.
त्यांना बघायचं होतं,
या काळ्या पेशींना अजून ऐकू येतं का.
इस्ट्रोजेन रक्तातून हाक मारत येतं,
पेशीच्या गाभ्यात त्याचा एक रिसेप्टर असतो,
त्याच हाकेसाठी बनलेला कान.
'त्याने तिचं औषध बदलणार नाही,'
बाई फोनवर म्हणाल्या होत्या,
आणि पुढचं काही बोलल्या नव्हत्या.

मी चार मायक्रॉनची फीत कापली,
कोमट पाण्यावर पसरली, काचेवर उचलली.
नेहमीचा तपकिरी रंग इथे चालत नाही,
गाठ स्वतःच तपकिरी,
काय रंगवलं नि काय मुळातलं कळणार कसं?
म्हणून लाल वापरला.

भिंगाखाली
कातडीलगतच्या पेशींत लाल ठिपके दाट,
बंदरावर कंदील लागावेत तसे.
जरा खाली, तुरळक.
आणखी खाली, जिथे गाठ मांसात शिरलेली,
तिथे एकही नाही.
स्क्रू फिरवून पाहिला, काच पुसून पाहिली.
एकही नाही.

मी एक्कावन्नची.
दुपारी पंख्याखाली बसून अंगातून वणवा जातो,
मानेवरून घाम ओघळतो, लॅबमधली पोरं दुसरीकडे बघतात.
माझ्यात हाक थांबत आलीय
आणि कान अजून दारात उभे.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
काचेला सांगितलं असेन.

खतिजा स्वतःच आली कागद न्यायला,
पायाला फडकं, त्यावर दुधाची पिशवी बांधलेली.
म्हणाली, 'बाय, परत कशाला कापलंत? काय सापडलं?'
सही घेतलेल्या कागदावर सगळं लिहिलं होतं.
तिने तो वाचला नव्हता, आम्ही वाचून दाखवला नव्हता.

मी वहीवर रेघा ओढल्या.
ही वरची कातडी, ही खालची,
इथल्या पेशी शरीराचं ऐकतात,
इथल्या ऐकेनाशा झाल्यात.

ती बराच वेळ रेघांकडे बघत राहिली.
'माझा नूरुद्दीन खोल पाण्यात जातो,' म्हणाली,
'बारा वावांपुढे फोन लागत नाही.
आपण इकडून ओरडतोय,
तो तिकडे जाळं सोडतोय.'

आणि मग, कागद छातीशी घडी करत:
'त्याच्यापुढे किती वाव गेलंय हे?'

आमच्याकडे खोली मिलिमीटरात मोजतात.
मी आकडा सांगितला.
तिने बोटांची चिमूट करून तो हवेत धरून पाहिला,
एवढाच?

एवढाच, मी म्हणाले.

बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता.
दारातून ती वळली,
विचारलं, पाय खाऱ्या पाण्यात घातला तर चालेल का,
सोमवारपासून माकूळ येणार आहे.