उजेडाचं टेबल

निकाल फोनवर आला, मधल्या सुट्टीत.
घाईत पडद्यावर ओला अंगठा उमटला,
आणि त्याखाली शब्द:
विषाणू आढळला. पेशींमध्ये सौम्य बदल.
पुढील तपासणी आवश्यक.

सौम्य आणि आवश्यक
एकाच कागदावर कसे नांदतात,
मी तीनदा वाचलं.
कॉफी गार झाली, भोंगा झाला,
मी परत टेबलापाशी.

एकवीस वर्षं माझं काम हेच.
खालून उजेड असलेल्या काचेवर
कॉडचे तुकडे सरकत येतात,
पांढरे, जवळजवळ आरपार दिसणारे,
आणि मी शोधते
अळी, रक्ताचा ठिपका, राहून गेलेला काटा.
सापडलं की चिमट्याने काढायचं,
तुकडा पुढे जाऊ द्यायचा.
एका ठिपक्यापायी कुणी मासा फेकत नाही.
हे हाताला पाठ होतं.
तरी त्या दुपारी हात थबकत राहिला.

दूर कुठेतरी, खिडकी नसलेल्या खोलीत
कुणीतरी मलाही असंच उजेडावर धरलं होतं.
त्या माणसाच्याही मानेत
चार वाजता कळ येत असेल का?

शेजारच्या टेबलावरून बोझेना म्हणाली,
माझ्या बहिणीलाही आलं होतं असंच, ग्दान्स्कला.
मग?
मग काय. आता दोन मुलं आहेत
आणि एक बिनकामाचा नवरा.
यंत्रांच्या खडखडाटात आम्ही हसलो,
म्हणजे तोंडं हलली.

रात्री मात्र हिशेब मांडला.
विषाणू म्हणजे कुणाकडून तरी.
हावारदुर घोरत होता,
महिन्याचे वीस दिवस ट्रॉलरवर असणारा माणूस.
मी त्याची बंदरं मोजली.
मोजता मोजता माझीच आठवली:
एकोणिसावं वर्ष, हेरिंगचा हंगाम,
अकॉर्डियन वाजवणारा तो,
ज्याच्या बापाचं नावही विचारलं नव्हतं.

सुईणीला आमच्या भाषेत म्हणतात
उजेडाची आई.
आमची आर्नथ्रूदुर मात्र
नाक शिंकरत, बूट न काढता आत आली.
हा पाहुणा, ती म्हणाली,
वर्षानुवर्षं कोपऱ्यात गप्प बसू शकतो.
दार कुणी उघडलं, याचा माग लागत नाही.
बहुतेकींच्या घरी येतो, निघून जातो,
घरच्यांना पत्ताही नसतो.
मग पेट्रोलच्या पावतीमागे तिने शिडी काढली.
तू इथे असशील, खालच्या पायरीवर.
कॅन्सर तिथे वर. मध्ये सहसा कित्येक वर्षं.
आणि खालच्या पायरीवरून
पुष्कळशा जणी आपोआप परत फिरतात.
असामान्य म्हणजे एवढंच, स्टेन्वर,
की आता जवळून बघायचं.

ती पावती पुढच्या धुण्यात विरघळली.
शिडी राहिली.

वाऱ्यामुळे विमान दोनदा रद्द झालं.
तिसऱ्यांदा उडालं, तेव्हा
फियोर्डच्या भिंतींमधून वळताना
सगळेच प्रवासी एकदम धार्मिक झाले.

रेक्याविकच्या दवाखान्यात
डॉक्टरने पडद्याकडे बोट केलं.
हे व्हिनेगर लावल्यावर पांढरं होतं, ती म्हणाली.
लोणच्याचं?
जवळपास तेच.
गुलाबी मांसावर फिकट कड उमटली,
नखाएवढी.
मी बघितलं. तरबेज डोळ्याने बघितलं.
मग तिने चिमटा घेतला, जरासा,
आणि मला जाऊ दिलं.

तीन आठवड्यांनी: खालचीच पायरी.
उपचार नाही. वर्षाने परत या.

म्हणजे काय? हावारदुरने विचारलं,
बटाटा अर्धा सोललेला.
म्हणजे काढायचं काही नाही. बघायचं आहे.
तो सोलत राहिला. साल खूप जाड निघत होती.
बंदरांचं मी विचारलं नाही.
अकॉर्डियनचं त्याला ठाऊकच नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मी किनाऱ्यावर असेन, तो म्हणाला.
विमान नाही उडालं, तर गाडी काढू.
रस्ता सहा तासांचा.
बर्फ असलं, तर आठ.