सत्त्याऐंशी अंश

पडद्यावरचं कापड निळं आहे.
बेचाळीस हजार चौकोन, एकही मळलेला नाही.
घुमट वर सरकवते, मिलिमीटरमागे मिलिमीटर,
आणि चौकोन कलू लागतात पतंगासारखे,
दोन कोपरे जवळ, दोन लांब.
कार्बनचा धागा लांबत नाही.
जे काही द्यायचं ते त्याला कोनानंच देता येतं.

निनाव्यांची वहिनी पाचपावलीत लंबी रोटी करते.
कोपरापर्यंत पीठ झुलवते, पालथ्या मडक्यावर टाकते,
एक सुरकुती नाही.
मी एकदा तासभर बघत बसले होते, कामाचं म्हणून.
पण पीठ ताणलं जातं हवं तिकडे.
कापडाला उभं माहीत, आडवं माहीत,
आणि उरेब, जिथे ते सैल होतं.
ब्लाउज शिवणाऱ्या कुणालाही विचारा.

सैल, पण पन्नास अंशांपर्यंत.
मग धाग्याला धागा भिडतो, जागा संपते,
आणि कापड वर उठतं.
शेडमध्ये तिला चुणी म्हणतात,
गणितात ती एक ऋण संख्या असते.

माझ्या गणितात ती नव्हती.
घुमट सगळा हिरवा, कडेला जरासा पिवळा.
अहवाल पाठवला, चहा प्यायले.

मंगळवारी मिहानच्या शेडमध्ये प्रेस उघडला.
बाहेर सेहेचाळीस. कूलर नुसता खडखडत होता.
दाराकडच्या उतारावर चुणी,
नखाएवढी, पण चुणीच.
"बाप्पा," निनावे म्हणाले, "हे काऊन झालं?"

घर्षणाचा आकडा बदलला. पुन्हा बदलला.
जाळी बारीक केली. रात्रभर मशीन कण्हत राहिलं.
हिरवंच.

गुरुवारी कशालाच हात लावला नाही, बघत राहिले.
स्टोअरमधून निनावे रोल काखेत मारून आणतात
झोपलेलं पोर आणावं तसा,
टेबलावर उलगडतात, तळव्यानं सारखा करतात,
नेहमी उजव्या हातानं, नेहमी स्वतःकडे.
दहा वर्षं झाली.
ते जेवायला गेल्यावर मी कोनमापक ठेवला,
शाळेतला, प्लास्टिकचा, आकडे पुसट झालेला.
नव्वद नाही.
सत्त्याऐंशी.

माझं कापड कुठूनच आलेलं नव्हतं.
त्याला रोल नव्हता, काख नव्हती, स्टोअरमधला मे महिना नव्हता.
शून्य सेकंदाला ते काटकोनात जन्मलं
आणि थेट कामाला लागलं.

तीन अंश घातले.
पहाटे चारला चुणी आली,
आली, पण पाच चौकोन डावीकडे.
सकाळी निनाव्यांना दाखवली.
चष्मा वर करून ते वाकून बघत राहिले,
मग हळूच, "म्हंजे माह्या हातानं झालं का जी?"

मला वेळ लागला.
नाही, म्हणाले. मग म्हणाले, थोडंसं.
ते पाच चौकोन कुणाचे
हे मात्र अजून सापडलेलं नाही.