एकशे बारा ते एकशे पंधरा

पहाटे साडेचारची बस. जुबैलच्या कँपपासून प्लँटपर्यंत
पस्तीस मिनिटं, मध्ये एक चेकपोस्ट.
कानात एक बाई कादंबरी वाचते आहे.
आवाज धुतल्यासारखा. तिला ठसका लागत नाही,
तिच्या मागे दार आपटत नाही,
मी तिला सव्वापट वेगानं पळवतो तरी दमत नाही.
मला डुलकी लागली तर ती पुढे निघून जाते.
जागा होतो तेव्हा कुणाचं तरी लग्न उरकलेलं असतं.

हीच कादंबरी आधी मी इसाकच्या तोंडून ऐकली.

इसाक मुकादम, दापोलीकडचा, टाइमकीपर, वरचा बंक.
मला आर्क लागली त्या रात्री डोळ्यांत वाळू भरली होती.
बाहेर एवढी पडलीये, तुला आणि आत कशाला हवी,
असं म्हणत त्यानं बटाट्याच्या चकत्या कापल्या,
पापण्यांवर ठेवल्या
आणि ट्रंकेतून पुस्तक काढलं.
मुखपृष्ठ नव्हतं. कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का,
परत करायची तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

त्याच्यासारखं कुणी वाचू नये.
स्वल्पविरामाला चहाचा घोट, पूर्णविरामाला एसीला शिवी.
सरपंच बोलला की त्याच्या चुलत्यासारखा बोलायचा,
आणि नायिका बोलली की इसाक लाजायचा,
तिची वाक्यं रेशनच्या यादीसारखी सपाट वाचून टाकायचा.
समोरच्या खाटेवरचा शिबू, केरळचा,
एक अक्षर कळत नसताना कान देऊन बसायचा.
दिवा घालवला की विचारायचा, “फिर?”

तिसऱ्या दिवशी डोळे बरे झाले.
मी सांगितलं नाही.
चुरचुरतात अजून, म्हणालो,
आणि आणखी अकरा रात्री चकत्या ठेवून घेतल्या.
दिवसा मी दहा-दहा तास वेल्ड मारत होतो.
हजेरी तोच मांडत होता.

त्याच दिवसांत नाना मिरजेला दवाखान्यात होते.
फोन वाजला की इसाक ओळीवर बोट ठेवून थांबायचा.
नाना त्या खेपेला वाचले.
पुढच्या खेपेला नाही.

अख्ख्या पुस्तकातलं एकच वाक्य मला पाठ राहिलं:
पुढे बरेच दिवस त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही,
फणस मात्र त्या वर्षी खूप लागले.
तिकीट मिळालं नाही तेव्हा ते म्हणालो. पगार अडकला तेव्हा म्हणालो.
का म्हणालो ते विचारू नका.

इसाकची यानबूला बदली झाली. पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेला.
एका शुक्रवारी मी स्वतः वाचायला बसलो.
मी हळू वाचतो. ओठ हलतात.
एका ओळीवर धुतलेले कपडे वाळेपर्यंत बसतो,
मागे जातो, पुन्हा येतो,
तोवर पुस्तक कुठे जात नाही.

पान एकशे बारा. बाप जातो.
मुलगा परगावी, त्याची गाडी चुकते.
चष्म्याचं घर, घडी न केलेली चादर, उशिरा उघडलेलं फाटक.
चार पानं.
यातलं मला कुणी ऐकवलंच नव्हतं.
एकशे सोळाव्या पानावर नांगरट सुरू होते.

मी फणस शोधले. शेवटच्या पानापर्यंत शोधले.
त्या गावात, तीनशे पानांत,
बाभळीखेरीज झाड नाही.

आज कानातली बाई तिथे पोचली.
तिनं सगळं वाचलं, एक शब्द न गाळता,
सव्वापट वेगानं सहा मिनिटं.
तिचं काही चुकलं नाही.
ऐकणाऱ्याचे नाना कुठे आहेत, तिला कोण सांगणार?

एकशे पंधरावं पान संपलं तसं मी बटण दाबलं.
चेकपोस्टवर गार्ड चढला, इकामे बघत मागपर्यंत आला.
मी एका वाक्याएवढा वेळ जाऊ दिला.
मग नांगरट सुरू केली.