वाटीतून वाटीत

दोन वाट्या. एकीत हरभरे, दुसरी रिकामी.
सून जाताना बजावून जाते, दोघांना एकदमच:
"सांडायचं नाही. नाकात घालायचं नाही.
बाबा, तुम्हालेही सांगून राहिली मी."
आणि स्कार्फ गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून
स्कूटीवरून मे महिन्याच्या तोंडात निघून जाते.

तांडापेठेतली दुपार. कूलर धडधडतोय.
नात अडीच वर्षांची, मी एकोणसत्तरचा,
आमचा अभ्यास एकच.
तिचा तिच्या आईने ठरवलेला,
माझा मेयोतल्या फिजिओच्या पोरीने
कागदावर लिहून दिलेला:
चिमटीने दाणे उचला, वाटीतून वाटीत, रोज तीनदा.
सुनेने दोन्ही ताडून पाहिलं
आणि माझा कागद फ्रिजवर लावला, खाली,
नातीच्या उंचीवर.

तिचे वीस होतात तेव्हा माझे चार.
पाचवा वाटेतच सुटतो, कूलरखाली जातो.
ती पालथी पडून शोधून काढते,
धुळीसकट माझ्या वाटीत टाकते.
"घे आबा, तुजा."
ही सरळसरळ कॉपी.
पण मास्तर कोण, हेच अजून ठरलेलं नाही.
डावा हात पुढे केला की ओरडते,
"तो नाई! झोपलेला हात!"

तिचं नाव पूर्वी.
बारशाला मी काही बोललो नव्हतो.
आता पंचाईत होते.
मी सुरू करतो, "पूर्वी या हातानं…"
आणि ती मान वर करते, "काय?"
मागावर तुटलेला धागा न बघता जोडायचा हा हात,
करवती काठाचा एक दात चुकला
तर अंधारातही बोटाला कळायचं.
"काय, आबा?"
काही नाही. तू मोज.
"एक, दोन, पाच, दहा. झाले."

मग पाणी. स्पंज बुडवायचा, पिळायचा, पेला भरायचा.
पेला काही भरत नाही.
फरशी भिजते आणि रागावायला कोणी यायच्या आत वाळते,
शेहेचाळीस डिग्रीचा तेवढा उपकार.
कपड्यांचे चिमटे ती माझ्या बनियनला लावते,
मी ते काढायचे. बाराच्या बारा.
शेवटचा पाठीवर आहे, तो राहू दे.

पत्र्याच्या डब्यात जुन्या कांड्या आहेत,
माग विकला तेव्हा एवढ्याच ठेवल्या.
रंग ओळख, म्हणतो मी. लाल लालमध्ये, पिवळा पिवळ्यात.
अंजिरी आणि वांगी
ती एकाच टोपलीत टाकते. "निळा," म्हणते.
याच दोन रंगांवरून इतवारीतल्या शेठशी
मी आठ महिने बोललो नव्हतो.
राहू दिले टोपलीत.

परवा मध्येच आवाज थांबला तिचा.
लेकरू गप्प झालं की घरात काहीतरी चाललेलं असतं.
बघतो तर एक बोट नाकाशी, डोळे गोल,
आणि नाकपुडीच्या तोंडाशी हरभऱ्याचं टोक.
मी काय केलं मला माहीत नाही.
हात गेला. उजवा.
चिमटी मिटली, दाणा बाहेर,
आणि पूर्वीने भोंगा काढला, दाणा तिचा होता म्हणून.

नंतर मी तो पुन्हा उचलायला गेलो,
नीट बसून, श्वास सोडून, कागदात लिहिलंय तसं.
निसटला.
पुन्हा निसटला.
डाव्याने उचलून वाटीत टाकला.

संध्याकाळी सून वाट्या गोळा करायला वाकली.
"एकच दाणा ओला कसा झाला हा?"
फिजिओच्या पोरीला सांगायला हवं, की हात चालला एकदा.
पण मग नाकाचंही सांगावं लागेल,
आणि आमच्या शाळेला टाळं.
मी घसा साफ केला.
"पूर्वी…"
"काय?" म्हणाली ती,
चिमट्यांच्या ढिगातून.