पृष्ठ दोनशे अकरा

ओर्व्होच्या वाचनालयात मी एकटीच.
हिवाळ्यात स्टोव्हही मीच पेटवते.
आन्सेल्म लांबियोतची कादंबरी तिसऱ्या फळीवर,
सतरा वर्षांत चौघांनी नेलेली.
सिनेमा आला, आणि आठवड्यात बारा जणांनी नाव नोंदवलं.

मीही पाहून आले, शेजारच्या गावात,
छत गळतं त्या थिएटरात.
रानडुकरीण बोलत होती.
कुठल्याशा नटीचा मधाळ आवाज
पिल्लांना सांगत होता, भिऊ नका, जंगल आपलं आहे.
पुस्तकात ती एक अक्षर बोलत नाही.
पुस्तकात ती हुंगते:
ओली माती, ओकच्या बिया, बंदुकीचं तेल.
नुसत्या हुंगण्याचीच दोनशे पानं.

पडद्यावरच्या शिकाऱ्याला काळी टोपी, सोन्याचा दात.
तो हसला की मुलं खुर्चीत दडत.
पुस्तकात तो ज्युस्तँ, टपालवाला.
लढाईचा तिसरा हिवाळा, घरात सात पोरं,
बटाट्याच्या सालींचं सूप.
बंदूक उसनी, हात कापणारे.
दोनशे अकराव्या पानावर तो गोळी झाडतो
आणि बर्फात बसून तिच्या कानाला हात लावतो.
अजून गरम आहे. एवढंच वाक्य.
लांबियोतनं कुणालाच वाईट केलं नाही.
वाईटाला जागाच नव्हती,
भूक एवढी ऐसपैस बसली होती.

सिनेमात गोळी झाडाला लागते.
डुकरीण टेकडी चढते, व्हायोलिनं वाजतात.
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

लांबियोतनं नावं बदलली, पोरांची संख्या नाही.
माझे वडील त्या सातांतले चौथे.
म्हणायचे, त्या मांसाला राळेचा वास होता.

मायेल, वय नऊ, पुस्तक परत आणताना म्हणाली,
"शेवटची पानं कुणीतरी फाडलीत."
मी बांधणीचा धागा दाखवला, पानं मोजायला लावली.
बोटाला थुंकी लावून तिनं मोजली.
सगळी होती.
"मग ती मरते?"
"हो."
"आणि ते खातात?"
"हो."
वडील जिभेवर आले होते. गिळले.

तिनं पुस्तक पुन्हा नेलं.
दहा दिवसांनी आलं तेव्हा दोनशे अकराच्या खाली,
कोऱ्या जागेत, शिसपेन्सिलीनं:
मग ती उठली.

पुस्तकात लिहू नये, अशी पाटी मीच लावलेली.
खोडरबर खणातच असतं.
खोडलं.
पण पोरीनं पेन्सिल दाबून धरली होती,
पान खिडकीकडे तिरकं केलं
की अक्षरांचे खड्डे दिसतात.

त्यांनीही हेच लिहिलं की, कोट्यवधी खर्चून.
फक्त आधी तो गरम कान कापून टाकला.
हिनं तो राहू दिला,
आणि त्याच्याखाली लिहिलं.

यादीतल्या पाचव्या माणसाला
मी अजून फोन केलेला नाही.